नऊ मण्यांची घडी

शनिवार, २० मार्च १९९९. सकाळी साडेसहाला आम्ही नागभीड सोडलं. माझ्याजवळ रोख अकराशे चाळीस रुपये होते. माणसं तीन: मी, माझी मुलगी सुमन आणि मणी-बांगड्यांचे व्यापारी शब्बीरभाई. माझी पत्नी नागपूरलाच थांबली होती. "तुम्ही दोघं जाऊन या. मला तिथं उभं राहवणार नाही," एवढंच ती म्हणाली होती.

कशासाठी निघालो ते आधी सांगतो. सुमन आमच्या पोटची नाही. १९८२ साली मी रेल्वेत नागभीड जंक्शनला पार्सल क्लार्क होतो. ३ एप्रिलला दुपारची गाडी गेल्यावर फलाटावर पोत्यांच्या आडोशाला ती मला सापडली. दीडेक वर्षाची असेल. पोलिसांत नोंद झाली, वर्तमानपत्रात फोटो दिला, आसपासच्या गावांत निरोप पाठवले. कुणी आलं नाही. पुढे कोर्टाच्या हुकमानं ती आमच्याकडे राहिली. आम्हाला दुसरं मूल नाही. ती दहा वर्षांची झाल्यावर आम्ही तिला सगळं खरं सांगितलं.

सापडली तेव्हा तिच्या मनगटात काळ्या दोऱ्यात ओवलेले नऊ मणी होते. तांबडे, पांढरे आणि काळे. दोऱ्याच्या एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला जाड गाठ. ते आम्ही काडेपेटीत जपून ठेवले होते. या जानेवारीत एका लग्नासाठी नागभीडला गेलो असता सुमननं ते शब्बीरभाईंना दाखवले, कारण दोरा विरत चालला होता. शब्बीरभाई माझ्या नोकरीच्या काळापासूनचे ओळखीचे. त्यांनी मणी तळहातावर घेतले आणि दोरा बदलायला साफ नकार दिला.

"साहेब, हा दोरा सोडला तर याचं डोकं कोणतं अन् गाठ कोणती, काई कळणार नाई. मले वाटते, हे कुठचं आहे ते मले माहीत आहे."

सुमन तेव्हापासून नीट जेवत नव्हती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण पुस्तक उघडून नुसती बसायची. परीक्षा संपली आणि आम्ही निघालो.

शनिवार: वडशाच्या पुढे

वडशापर्यंत रेल्वे, पुढे कुरखेड्याची बस. बसमध्ये शब्बीरभाईंनी मला रीत समजावून सांगितली. ती सगळ्या गोंड समाजाची आहे असं मी म्हणत नाही. कुरखेड्याच्या आत, जंगलातल्या एका गावात चार घरांपुरती ती आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

त्या चार घरांपैकी प्रत्येकाचं तीन मण्यांचं एक मूळ असतं. एका घराचं तांबडा-पांढरा-काळा, दुसऱ्याचं काळा-तांबडा-पांढरा, असं. मूल जन्मलं की त्याच्या हातात घराचं मूळ बांधतात. पुढे मुलाचं काही नवं झालं, म्हणजे दात आला, पाऊल टाकलं, की माळेतला एखादा सलग तुकडा निवडायचा आणि तसाच तुकडा त्याच्याच शेजारी पुन्हा ओवायचा. मधला मणी गाळायचा नाही, क्रम बदलायचा नाही, नवा रंग आणायचा नाही. जे आहे त्यातलंच पुन्हा.

"मोठ्या माणसाच्या गळ्यात दोन-दोनशे मणी असतात," शब्बीरभाई म्हणाले. "पण कितीबी वाढू द्या. शेजारशेजारचे सारखे तुकडे एकावर एक घडी करत गेलं, का शेवटी तीनच राहतात. कोणत्या घराचा माणूस ते तिथी कळते."

"आणि नाही राहिले तीन तर?" सुमननं विचारलं.

"मग तो त्यांचा नाई, बेटा."

आमच्याकडे माणूस कोण ते कागद सांगतो. सुमनच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे, ती मी अंदाजानं घातलेली आहे, आणि त्या खोट्या तारखेवर तिला कॉलेजात प्रवेश मिळाला. बसमध्ये मला हे राहून राहून आठवत होतं.

कुरखेड्याहून एक जीप ठरवली. सती नदी ओलांडल्यावर रस्ता संपला आणि पुढचे साडेचार किलोमीटर पायी गेलो. पळस पेटल्यासारखा फुलला होता. तिसऱ्या किलोमीटरला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शब्बीरभाईंनी बांगड्यांच्या गठ्ठ्याची सुतळी काढून तो बांधून दिला. "बाटाच्या दुकानात याचे पंधरा रुपये घेतले असते," म्हणाले. "मी मणियार आहो, म्हणून फुकट."

गावात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. हात-पाय धुवायला पाणी आलं, जोहार झाला, आणि काम काय ते विचारण्याआधी जेवायला बसवलं. भात, लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला तीनदा वाढून तीनदा नको म्हणायची पद्धत आहे. इथे एकदाच विचारतात. मी सवयीनं नको म्हटलं आणि अर्धपोटी उठलो.

जिच्या घरी जेवलो ती फुलोबाई. वय सत्तरीच्या आसपास, एका डोळ्यात मोतीबिंदू. शब्बीरभाईंनी आम्हाला तिच्याकडेच आणलं होतं, कारण तिच्या घराचं मूळ तांबडा-पांढरा-काळा. तिची हकिगत तिनं स्वतःच सांगितली. तिची सून जमनी १९८१ सालच्या धानकापणीनंतर वर्षाच्या मुलीला घेऊन मजुरांच्या टोळीबरोबर कामावर गेली. मुलगा आधीच वारला होता. महिन्याभरात निरोप आला की कामावर तापाची साथ आली, दोघी गेल्या. गावाबाहेर, मेलेल्यांसाठी दगड उभे करतात त्या जागी, फुलोबाईंनी एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड लावले होते.

सुमननं काडेपेटी उघडून तिच्या पुढ्यात ठेवली. म्हातारीनं मणी बोटांनी चाचपले. मोजले. चेहरा उतरला.

"नऊ आहेत वं. माही नात गेली तवा पाच होते. तीन मुळाचे, दोन दाताचे. म्याच ओवले."

घडी घालायचा मान गावच्या भुमकाचा, म्हणजे पुजाऱ्याचा. दसरूभाऊ म्हणतात त्यांना. साठीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. ते अंगणात पाटावर बसले. चार घरांची माणसं भोवती जमली. मणी फासाकडून असे होते: तांबडा, पांढरा, काळा, पांढरा, तांबडा, पांढरा, काळा, पांढरा, काळा. शेवटी गाठ.

दसरूभाऊंनी गाठ बोटांत धरली. गाठीकडचे दोन मणी पांढरा-काळा, त्याच्या आधीचे दोनही पांढरा-काळा. त्यांनी दोरा दुमडून दोनावर दोन ठेवले. घडी बसली. नवाचे सात झाले: तांबडा, पांढरा, काळा, पांढरा, तांबडा, पांढरा, काळा. मग ते पुढची जोडी शोधू लागले. एकेक मणी, दोन-दोन, तीन-तीन. कुठेही शेजारचे तुकडे सारखे येईनात. सुमननं माझा शर्ट मागून धरला होता, लहानपणी धरायची तसा.

"थांबली," दसरूभाऊ म्हणाले. "साताचं मूळ आमच्यात कोनाचंच नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबूजी, तुम्ही हिशेबाचे माणूस. तुम्हीबी पाहा. माहं चुकत असन तर सांगा."

मी डायरीत रंगांची आद्याक्षरं लिहिली, त्यांनी घातली तशीच घडी घातली, सातांवर अडकलो. प्रत्येक शक्यता तपासली. "बरोबर आहे," मी म्हटलं.

हे बोलताना मला हलकं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो. पोर आपलीच राहणार, असा विचार आला आणि त्याची मला लगेच लाज वाटली नाही. ती नंतर वाटली.

फुलोबाई उठल्या, सुमनच्या डोक्यावरून हात फिरवला. "कोनाची तरी असशीनच," म्हणाल्या. "आजच्या दिवस इथी राहा. पायी आली आहेस."

रविवार: मोहाखाली

पहाटेच सगळं गाव मोहाची फुलं वेचायला जातं. सुमन फुलोबाईंबरोबर गेली. मी आणि शब्बीरभाई मागून गेलो. झाडाखालची जागा आधीच झाडून काढलेली असते आणि तिच्यावर फुलं टपटप पडत असतात. मी एक तोंडात टाकलं. गोड लागलं आणि मग घशाशी उग्र आलं. शब्बीरभाई हसले. "सुकवून भाजून खातात, साहेब. असं खाल्लं तर दुपारी गाणं म्हणाल."

मी एका दगडावर बसून आदल्या दिवसाची नोंद पक्क्या वहीत उतरवू लागलो. कच्च्या हिशेबावरून पक्का करताना दुसऱ्या बाजूनं एकदा ताळा घ्यायचा, ही माझी पार्सल ऑफिसातली सवय. म्हणून नऊ मणी या वेळी फासाकडून वाचले.

पहिले चार: तांबडा, पांढरा, काळा, पांढरा. पुढचे चार: तांबडा, पांढरा, काळा, पांढरा. तेच. शेवटी एक काळा उरतो. चारावर चार घडी घातली की राहतात पाच: तांबडा, पांढरा, काळा, पांढरा, काळा. आता गाठीकडचे दोनावर दोन. राहतात तीन.

तांबडा, पांढरा, काळा.

परत आल्यावर आमच्या वसाहतीतल्या, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना मी हे दाखवलं. त्यांना माझ्याइतकं नवल वाटलं नाही. म्हणाले, गणितात यावर काम झालेलं आहे. एक शब्द घ्यायचा, त्यातला कुठलाही सलग तुकडा त्याच्याच शेजारी पुन्हा लिहायचा, असं करत राहायचं. त्यातून जितके शब्द निघतात त्या सगळ्यांना मिळून ते एक भाषा म्हणतात. दोनच अक्षरांचा शब्द घेतला तर काम सोपं. पहिलं आणि शेवटचं अक्षर जुळलं की झालं, मधलं कसंही असो. तीन अक्षरं आली की अशी सोपी खूण राहत नाही. आणि उलट घडी घालताना कुठली आधी घातली यावर शेवट बदलू शकतो. हे नऊ मणी त्याचं नेमकं उदाहरण आहेत. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पण त्या सकाळी मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की काल मी जे बरोबर म्हटलं ते अपुरं होतं, आणि हे त्या रानात फक्त मला माहीत आहे. दुपारी निघायचं होतं. रात्री नागभीड, उद्या घर. घड्याळात सात वीस झाले होते. मी वही मिटली. उघडली. पुन्हा मिटली. समोर सुमन आणि म्हातारी एका टोपलीत वेचत होत्या. सुमनला वाकून वेचायची सवय नाही, ती बसून पुढे सरकत होती, आणि म्हातारी तिला हसत होती. मी उठलो तेव्हा आठ वाजले होते. ती चाळीस मिनिटं मी कुणाशी बोललो नाही.

सुमनला बाजूला घेऊन वही दाखवली. तिनं दोनदा वाचलं.

"काल का नाही दिसलं, बाबा?"

"काल मी त्यांच्यामागून गेलो. स्वतः पाहिलं नाही."

"आणखी काही?"

"आणि मला ते हवंही होतं," मी म्हटलं.

तिनं वही माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "चला. दसरूभाऊंना दाखवा. पण हळू दाखवा. काल भर अंगणात ते बोललेत."

दसरूभाऊ पलीकडच्या झाडाखाली होते. त्यांना वहीचा उपयोग नव्हता, म्हणून मी झाडलेल्या जमिनीवर मांडलं: तांबड्याला पळसाची पाकळी, पांढऱ्याला मोहाचं फूल, काळ्याला कोळशाचा तुकडा. पाला जाळून जमीन साफ करतात, त्यामुळे कोळसा तिथेच मिळाला. नऊ मांडले. मग डाव्या बाजूचे चार उचलून पुढच्या चारांवर ठेवले.

दसरूभाऊंचा हात मध्येच आला. "डोक्याकडून, फासाकडून घडी?"

"चालत नाही का?"

"चालते. पण डोक्याकडून म्हंजे चालायचे मणी." ते थांबले. मग सावकाश सांगू लागले. दाताचे मणी गाठीकडून वाढवतात, पहिल्या पावलाचे डोक्याकडून. जे शेवटी वाढवलं ते आधी दुमडायचं. "पोर गेली तवा चालत नोयती. चालायच्या आधीच मेली, असंच आमी धरलं. म्हून म्या सरळ गाठ धरली. डोक्याकडं पाहाचं कारनच नोयतं."

"मला सापडली तेव्हा ती आठ-दहा पावलं चालायची," मी म्हटलं. हे काल कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

उरलेली घडी दसरूभाऊंनी स्वतः घातली. पाकळी, फूल, कोळसा. तीन. त्यांनी गोंडीत मोठ्यानं काहीतरी म्हटलं आणि बायका टोपल्या ठेवून आल्या.

फुलोबाई मात्र हलल्या नाहीत. "दाताचे म्या ओवले," त्या म्हणाल्या. "चालायचे म्या नाई ओवले. मंग कोनं ओवले?"

शब्बीरभाईंनी काडेपेटी मागून घेतली. मणी उन्हात धरले. "फासाकडचे चार पाहा. छेद मोठा आहे, काच बी हलकी. हे आपल्या बाजारचे नाईत, दुसरीकडचे आहेत. म्या जानेवारीतच पाहाले पाहिजे होतं. म्हातारा झालो."

दसरूभाऊ म्हातारीकडे पाहत म्हणाले, "जमनीनं ओवले, बाई. कामावर. ती तवा जित्ती होती."

सतरा वर्षं त्या बाईला वाटत होतं की सून गाव सोडल्यावर महिन्यात मेली. आता कळलं की पोर चालायला लागेपर्यंत ती होती, आणि परक्या मुलखात, भोवती आपलं कुणी नसताना, कुठल्यातरी बाजारातून चार मणी विकत घेऊन तिनं रीत पाळली होती. पुढे तिचं काय झालं, मूल फलाटावर कसं राहिलं, ते कुणाला माहीत नाही. मला विचाराल तर ती त्याच दुपारच्या गाडीत असावी. पण याला पुरावा नाही, म्हणून ठाम लिहीत नाही.

फुलोबाईंनी सुमनला जवळ ओढून घेतलं. दोघी रडल्या. आम्ही पुरुष मोह वेचत राहिलो.

सोमवार: दगडांपाशी

सकाळी सगळे गावाबाहेर गेले. दसरूभाऊंनी लहान दगड हलवून काढला आणि आडवा ठेवला. मोठा तसाच राहिला. सुमन त्याच्यापुढे बराच वेळ बसली.

मग फुलोबाईंनी तांदळाची टोपली आणली आणि माझी पिशवी मागितली. शब्बीरभाईंनी माझ्या कानात सांगितलं, "पोर वाढवल्याचं देणं आहे. जितक्या धानकापण्या, तितक्या ओंजळी. घेतलं म्हंजे तुम्ही मानलं, का पोरगी या घरची. तिच्या लग्नात या लोकायले विचारावं लागंन. पाहून घ्या, साहेब."

मी सुमनकडे पाहिलं.

"घ्या, बाबा," ती म्हणाली. "नाही घेतलं तर आपल्या घरी आईनं केलेलं कुणी मोजलंच नाही, असं होईल."

फुलोबाई ओंजळीनं मोजू लागल्या. अठरा भरल्या. १९८० च्या कापणीला जन्म, ती सोडून १९९८ पर्यंत अठरा कापण्या. त्यांचा हिशेब बिनचूक होता. पण मी पिशवी बंद करू शकलो नाही.

"यातलं पहिलं दीड वर्ष आमचं नाही," मी म्हटलं. "एप्रिल ब्याऐंशीपर्यंत तिच्या आईनं सांभाळलं. दीड ओंजळ माझ्याकडे जास्त येतेय."

म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. "अर्धी ओंजळ कशी मोजू जी?"

"एका हाताची," सुमन म्हणाली.

तिनंच पिशवीतून आधी दोन्ही हातांनी आणि मग एका हातानं तांदूळ काढले आणि मोठ्या दगडाच्या पायथ्याशी ठेवले. दसरूभाऊंनी वरून पाणी सोडलं.

मंगळवारी सकाळी नागपूरला घरी पोचलो. सुमननं आईला सगळं सांगितलं, मी मध्ये बोललो नाही. पत्नीनं पिशवी उघडली नाही, आधी हात धुऊन आली.

दिलं फुलोबाईंनी: तांदूळ, अठरा ओंजळी. पैकी जमनीला दीड. साडेसोळा माझ्या पत्नीला, तिनं पदर पसरून घेतले.